बिल्टी कुणाच्या नावाची? वाडीतल्या एका वाहतूक कंपनीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नागपूरजवळच्या वाडीतल्या एका कौटुंबिक वाहतूक व्यवसायाचं आहे. २०२१ ते २०२५ या काळात या कुटुंबाला एकाच प्रश्नाचं उत्तर गुंतवणूकदार, विमा कंपनीचा वकील, कारखान्याचा हिशेबनीस आणि स्वतःचे कर्मचारी अशा सगळ्यांना द्यावं लागलं. तुमची कंपनी तंत्रज्ञानाची की वाहतुकीची, हा तो प्रश्न. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आकडे ढोबळ ठेवले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणं मात्र तशीच मांडली आहेत. हिशेबाच्या कामासाठी या काळात मी त्यांच्याबरोबर बसत होतो, त्यामुळे काही ठिकाणी माझं मतही आलं आहे.

पार्श्वभूमी

उत्तर-दक्षिण जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा ५३ नागपुरात एकमेकांना मिळतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि प्रत्येक राज्यात वेगळा डेपो ठेवायची कंपन्यांची गरज कमी झाली. देशाच्या मध्यावर एक मोठं गोदाम घेऊन तिथून चारही दिशांना माल पाठवणं परवडू लागलं. अमरावती रोडवरच्या वाडीत गोदामं आधीपासून होतीच, त्यांना आता आणखी काम मिळालं.

या कुटुंबातल्या वडिलांनी बुकिंग एजंट म्हणून सुरुवात केली होती. पुढे भागीदारी फर्म झाली, दोन गाड्या स्वतःच्या झाल्या आणि बाकी सगळं काम बाजारातल्या गाड्यांवर चालू राहिलं. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांचा माल, हंगामात जिनिंगच्या रुईगाठी आणि परतीचं भाडं म्हणून रायपूरचं लोखंड असा धंदा होता. या धंद्यात एक गोष्ट बदलत नाही. गाडी भरली की गाडीमालकाला भाड्याचा मोठा हिस्सा ॲडव्हान्स द्यावा लागतो आणि कारखान्याकडून पैसे यायला दीड-दोन महिने लागतात. मधल्या काळातला पैसा ट्रान्सपोर्टरचा असतो.

मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करून २०१८ मध्ये परत आली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटी खाली ऑनलाइन काढायचं कागदपत्र, सक्तीचं झालं होतं आणि ऑफिसात रोज त्याचा गोंधळ चालायचा. तिने आधी त्यालाच हात घातला. ई-वे बिलाची मुदत अंतरावर ठरते. सुरुवातीला १०० किलोमीटरला एक दिवस मिळायचा, १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस झाला. मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत, एवढ्याच वेळात ती वाढवता येते. गाडी रात्री कुठे तरी बिघडून उभी असेल आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर पुढच्या तपासणीत गाडी अडते आणि दंड बसतो. तिने बनवलेली प्रणाली गाडीच्या ठिकाणावरून वेळेत इशारा द्यायची. नंतर तिच्यात गाडीची कागदपत्रं आली, पोचपावतीचा फोटो आला, गाडीमालकाच्या उरलेल्या भाड्याचा हिशेब आला.

काम खरंच चांगलं होतं. आधी एका मुनीमाला जितक्या गाड्या झेपायच्या, त्याच्या जवळपास दुप्पट आता झेपू लागल्या. पोच हरवल्याने अडकणारी बिलं फार कमी झाली. म्हणून २०२१ मध्ये मुलगी आणि तिचा चुलत भाऊ यांनी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आणि नावात ‘टेक’ घातलं. फर्मचे चार-पाच मोठे कारखाने या कंपनीकडे वळवले.

प्रश्न कुठे उभा राहिला

कंपनीच्या संकेतस्थळावरच्या अटींत लिहिलं होतं की कंपनी माल पाठवणारे आणि गाडीमालक यांना जोडणारा फक्त एक तंत्रज्ञान मंच आहे, मालाची जबाबदारी तिच्यावर नाही. मोठ्या ॲपच्या अटी वाचून हा मजकूर तयार केला होता.

प्रत्यक्षात कारखान्यांना बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराने माल ताब्यात घेतल्याची पावती, हवी होती. बिल्टीशिवाय त्यांचं खरेदी खातं पैसे सोडत नाही. गाडीमालक एकेका गाडीचे, त्यांच्याकडे छापील बिल्टीबुकही नसायचं. त्यामुळे कंपनी स्वतःच्या नावाने डिजिटल बिल्टी काढू लागली. भाडं कारखान्याला कंपनी सांगायची. गाडीमालकाला द्यायचा दरही कंपनीच ठरवायची. दोन दरांमधला फरक ही तिची कमाई.

म्हणजे अटींत एक लिहिलेलं होतं आणि बिल्टीवर दुसरंच. वर्षभर हे कुणाला खटकलं नाही, कारण वर्षभर माल नीट पोचत होता.

भिजलेल्या गाठी

जुलै २०२२ मध्ये हिंगणघाटहून तामिळनाडूतल्या एका सूतगिरणीला रुईगाठींची गाडी निघाली. आपल्याकडे रुईची गाठ १७० किलोची धरतात आणि अशा शंभरेक गाठी गाडीत होत्या. आदिलाबादच्या पुढे रात्रभर पाऊस लागला. ताडपत्री एका बाजूने फाटलेली होती. गिरणीत गाडी उघडली तेव्हा वरचे थर आणि एक बाजू भिजलेली निघाली. गिरणीने विमा काढलेला होता. विमा कंपनीने गिरणीला पैसे दिले आणि तिच्या वतीने वसुलीचा हक्क घेऊन वाडीच्या कंपनीला वकिलामार्फत नोटीस पाठवली.

मुलीने उत्तराचा मसुदा केला. आम्ही मंच आहोत, गाडी अमुक मालकाची होती, त्याच्याकडे जावं, असा त्याचा सूर होता. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या वकिलांकडे मसुदा नेला तेव्हा त्यांनी आधी बिल्टी मागितली. ती पाहून मसुदा बाजूला ठेवला.

रस्त्याने मालवाहतूक अधिनियम २००७ हा इथे लागू होणारा कायदा. त्यातली सार्वजनिक वाहकाची व्याख्या रुंद आहे. स्वतःची गाडी असलीच पाहिजे असं ती म्हणत नाही. माल बुक करणारी कंपनी, कंत्राटदार, एजंट, दलाल हे सगळे तिच्यात येतात. माल गहाळ झाला किंवा खराब झाला तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज मालधन्याला नसते. माल पाठवणाऱ्याने जास्त किंमत जाहीर करून जोखीम दर (जास्त जोखमीसाठीचे जादा पैसे) भरला नसेल, तर नियमांप्रमाणे वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत राहते. मालधन्याने बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यायची असते, आणि ती मुदतीत आलेली होती. शिवाय असा धंदा करायला नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ते वडिलांच्या फर्मकडे होतं, नव्या कंपनीकडे नव्हतं.

जीएसटीतही गोष्ट तिथेच येऊन थांबते. रस्त्याने मालवाहतुकीची सेवा देणारा आणि बिल्टी काढणारा, मग त्या कागदाला नाव काहीही द्या, तो गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी. कंपनीची स्वतःची बिलंसुद्धा त्याच सदरात १२ टक्क्यांनी जात होती. सॉफ्टवेअर सेवेची असती तर १८ टक्क्यांनी गेली असती. एका कारखान्याचा हिशेबनीस तिच्या बिलातून कलम १९४सी खाली, म्हणजे कंत्राटी कामाचा, टीडीएस कापत होता. कंपनी काय आहे हे सरकारदरबारी ती स्वतःच दर महिन्याला लिहून देत होती.

वकिलांच्या ऑफिसातून परतल्यावर वडील फारसं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, “लोक माल आपल्या भरोशावर सोडते, मोबाईलच्या नाही.” मुलीला ते तेव्हा लागलं, हे तिने नंतर मला सांगितलं. तिच्या कामाची किंमत कमी केली जाते आहे असं तिला वाटलं. माझ्या मते वडिलांच्या वाक्यात तो अर्थ नव्हता. कारखाना पैसे कशाचे देतो, हे ते सांगत होते.

गुंतवणूकदाराचे प्रश्न

याच सुमारास, २०२३ च्या सुरुवातीला, मुंबईचे एक गुंतवणूकदार बोलणी करत होते. त्यांना ॲप आवडलं होतं. मात्र पहिल्याच बैठकीत त्यांनी ॲप बाजूला ठेवून शंभर रुपये भाड्याची फोड मागितली.

ती अशी निघाली. शंभरातले ब्याण्णव-त्र्याण्णव गाडीमालकाला जातात. उरलेल्या सात-आठ रुपयांतून पगार, ॲडव्हान्ससाठी घेतलेल्या पैशांवरचं व्याज, वराई-हमालीचे (माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचे) वाद, गाडी उभी राहिल्याचे पैसे आणि सॉफ्टवेअरचा खर्च जातो. हातात दीड-दोन रुपये राहतात. निव्वळ सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत शंभर रुपयांच्या विक्रीतले सत्तर-ऐंशी रुपये थेट खर्च वजा जाता उरू शकतात, कारण तेच सॉफ्टवेअर आणखी एका गिऱ्हाइकाला द्यायला जवळजवळ काही लागत नाही. इथे प्रत्येक नव्या खेपेला नवी गाडी, नवा ॲडव्हान्स आणि ड्रायव्हरला नवे चार फोन लागत होते.

पुढचा प्रश्न उलाढालीचा होता. कंपनी पूर्ण भाडं विक्री म्हणून दाखवत होती. इंड एएस ११५ हे लेखामानक अशा ठिकाणी मुख्य आणि एजंट यात फरक करतं. सेवा पुरी करण्याची मुख्य जबाबदारी कुणाची, दर कोण ठरवतं, हे पाहायचं. मुख्य असाल तर पूर्ण भाडं विक्री, एजंट असाल तर फक्त दलाली. एवढ्या लहान कंपनीला ते मानक बंधनकारक नव्हतं, तरी गुंतवणूकदाराने त्याच नजरेने पाहिलं. पूर्ण भाडं दाखवायचं असेल तर तुम्ही वाहतूकदार आहात. मंच म्हणवून घ्यायचं असेल तर विक्री एकदम बारा ते चौदापट लहान होते. दोन्हींतलं सोयीचं तेवढं घेता येणार नव्हतं.

जगात हा वाद आधी झालेला आहे, म्हणून मी त्यांच्यासमोर दोन निकाल ठेवले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २० डिसेंबर २०१७ ला उबरची सेवा ही वाहतूक क्षेत्रातली सेवा असल्याचं ठरवलं. ॲपवाचून ते चालक त्या प्रवाशांपर्यंत पोचलेच नसते आणि सेवेच्या अटींवर, भाड्यावरसुद्धा, उबरचा निर्णायक प्रभाव होता, हे त्यातलं मुख्य कारण. त्याच न्यायालयाने १९ डिसेंबर २०१९ ला एअरबीएनबीबद्दल उलट निर्णय दिला. घरमालक आपलं भाडं स्वतः ठरवतो, आणि त्या मंचाशिवायही घर भाड्याने देण्याचे मार्ग त्याच्याकडे असतात. ॲप दोघांकडेही आहे. फरक पडला तो ताबा कुणाचा यावर. वाडीच्या कंपनीत दोन्ही बाजूंचे दर कंपनी ठरवत होती. ती कुठल्या बाजूला पडते हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

शेअर बाजारासाठी एमएससीआय आणि एस अँड पी या निर्देशांक बनवणाऱ्या संस्था मिळून कंपन्यांचं जे वर्गीकरण करतात, तेही पाहण्यासारखं आहे. ॲमेझॉन तिथे माहिती तंत्रज्ञानात बसत नाही, ती ग्राहकांच्या ऐच्छिक खर्चाच्या (कंझ्युमर डिस्क्रिशनरी) गटात आहे. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट २०१८ मध्ये तंत्रज्ञानातून संवाद सेवांच्या गटात गेली. व्हिसा आणि मास्टरकार्ड मार्च २०२३ मध्ये वित्तीय गटात गेल्या. या कंपन्यांत अभियंते कमी आहेत म्हणून असं झालेलं नाही. कंपनी मुख्यतः कशातून कमावते, हे तिथे पाहिलं जातं.

मुलगी यावर बरीच भांडली, आणि तिचं भांडण पोकळ नव्हतं. तिचं म्हणणं, सॉफ्टवेअर काढून घेतलं तर आज इतक्या गाड्या आपण चालवूच शकणार नाही, मग ते गाभ्यात नाही असं कसं म्हणता? खरं आहे. पण सॉफ्टवेअर काढलं तर हा धंदा अर्ध्यावर येईल, संपणार नाही. बिल्टी आणि ॲडव्हान्स काढला तर दुसऱ्या दिवशी एकही कारखाना फोन करणार नाही. हा फरक चुलत भावाने मांडला. तो रोज लोडिंगवर उभा राहणारा माणूस आहे आणि त्याच्या तोंडून आल्यामुळे तो तिने ऐकला, असं मला वाटतं.

समोरचे पर्याय

पहिला मार्ग खऱ्या अर्थाने मंच होण्याचा होता. बिल्टी काढायची नाही, दर ठरवायचे नाहीत, दोन्ही बाजूंना आपसांत ठरवू द्यायचं आणि फक्त शुल्क घ्यायचं. अटींतलं वाक्य मग खरं झालं असतं. चुलत भावाने तीन मोठ्या कारखान्यांना सरळ विचारून पाहिलं. बुटीबोरीच्या एका लॉजिस्टिक्स मॅनेजरचं उत्तर त्याने जसंच्या तसं लिहून आणलं: “तुमचं ॲप बढिया आहे जी, पण माल भिजला त भरून कोन देईन?” बाकी दोघांनीही वेगळ्या शब्दांत तेच विचारलं. या मार्गावर जबाबदारीबरोबर गिऱ्हाईकही जाणार होतं.

दुसरा मार्ग वाहतूक कंपनी आहोत हे मान्य करण्याचा. सॉफ्टवेअर हे आपलं हत्यार, विकायची वस्तू नव्हे. गुंतवणूकदाराला नमस्कार करायचा, बँकेकडून खेळतं भांडवल घ्यायचं आणि चांगला ट्रान्सपोर्टर म्हणून वाढायचं. यात पैशाची सुरक्षितता होती. मुलीच्या मनाला मात्र हे पटत नव्हतं, आणि सॉफ्टवेअर टीममधली मुलं टिकतील का, ही भीती होती. नागपूरच्या मिहान प्रकल्पात टीसीएस आणि इन्फोसिस या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, परसोडीला पर्सिस्टंट आहे. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात सॉफ्टवेअर लिहायला कोण थांबेल?

तिसरा मार्ग दोन्ही धंदे वेगळे करण्याचा. बिल्टी, ॲडव्हान्स आणि जबाबदारी फर्मकडे परत न्यायची. २०२१ ची कंपनी फक्त सॉफ्टवेअर करेल, फर्मला विकेल आणि इतर ट्रान्सपोर्टरांनाही महिन्याच्या ठरावीक शुल्कावर विकेल. तसं झालं तर दहाव्या गिऱ्हाइकाचा खर्च पहिल्यापेक्षा खूपच कमी असेल आणि तिला तंत्रज्ञानाची कंपनी म्हणणं खरं ठरेल. अडचण बाजारात होती. वाडीतला दुसरा ट्रान्सपोर्टर आपल्या पार्ट्यांची नावं आणि भाडी प्रतिस्पर्ध्याच्या मुलीच्या सॉफ्टवेअरमध्ये कशाला भरेल?

एक चौथी सूचनाही होती, ती लवकरच बाद झाली. कुणी तरी सुचवलं की काही बदलू नका, फक्त स्टार्टअप इंडिया या केंद्र सरकारच्या नवउद्योग योजनेची मान्यता घ्या, मग तुम्ही तंत्रज्ञान कंपनीच. तेव्हा लागू असलेल्या फेब्रुवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार मान्यतेसाठी कंपनी दहा वर्षांच्या आतली हवी, उलाढाल कुठल्याही वर्षी १०० कोटींच्या वर गेलेली नको, आणि काम नावीन्याचं किंवा मोठ्या प्रमाणावर वाढू शकणारं हवं होतं. आधीच्या व्यवसायाची फोड किंवा पुनर्रचना करून बनवलेली कंपनी मात्र चालत नाही. फर्मचे कारखाने वळवूनच ही कंपनी उभी राहिली होती. सनदी लेखापालांनी हे स्पष्ट सांगितलं. अर्ज करायचाच तर हा इतिहास लिहून करा, झाकून नको. आयकराच्या ८०-आयएसी सवलतीसाठी वेगळं प्रमाणपत्र लागत होतं, आणि ती नफ्यावर होती. ज्या कंपनीला नफाच नाही तिला त्याची घाई नव्हती. माझ्या मते हा विषय इतक्या लवकर मिटला हे चांगलं झालं. मान्यतेच्या कागदाने भिजलेल्या गाठींचं उत्तर मिळणार नव्हतं.

निर्णय

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतली कॉनव्हॉय ही कंपनी बंद पडल्याची बातमी आली. ट्रक आणि माल यांची डिजिटल जोडणी करणारी ही कंपनी. २०२२ मध्ये तिचं मूल्य ३.८ अब्ज डॉलर धरलं गेलं होतं. मालवाहतुकीचे दर पडले आणि पुढचा पैसा मिळाला नाही. तिचं तंत्रज्ञान नंतर फ्लेक्सपोर्ट या मालवाहतूक कंपनीने घेतलं. उत्तम सॉफ्टवेअर असूनही भाड्याच्या तेजी-मंदीपासून ती सुटली नाही, ही गोष्ट मुलीने स्वतः घरात वाचून दाखवली. त्यानंतर चर्चेचा सूर बदलला.

दिवाळीच्या आधी निर्णय झाला. आधी दुसरा मार्ग पूर्ण करायचा, मग तिसरा जपून उघडायचा. क्रम महत्त्वाचा होता. आधी दावा मिटवणं, कागद सरळ करणं, आणि मगच बाहेर सॉफ्टवेअर विकणं. चुलत भावाला दोन्ही एकदम करायचं होतं, कारण गुंतवणूकदार अजून पूर्ण उठलेला नव्हता. वडिलांनी नकार दिला. “दावा डोक्यावर असताना नवीन दुकान नको.”

गुंतवणूकदाराला मुलीनेच फोन केला. वाहतूक फर्मकडे जाते आहे आणि सॉफ्टवेअरची विक्री सध्या शून्य आहे, हे तिने काही न लपवता सांगितलं. त्यांनी शुभेच्छा दिल्या आणि बोलणी थांबली.

काय केलं, काय झालं

विमा कंपनीशी तडजोड झाली. रक्कम दहापटीच्या मर्यादेच्या आतच होती, तरी वर्षाच्या नफ्याचा चांगला लचका गेला. गाडीमालकाकडून काहीच वसूल केलं नाही. त्याची एकच गाडी होती आणि तीही कर्जावर. ताडपत्री तपासणं हे भरणाऱ्याचं काम होतं, असं वडिलांचं मत पडलं. आता गाडी सुटण्याआधी ताडपत्रीचा चारही बाजूंनी फोटो लागतो. तो नसेल तर प्रणाली बिल्टीच काढू देत नाही. पूर्ण प्रकरणातून निघालेली सगळ्यात उपयोगी सुधारणा मला हीच वाटते.

कारखान्यांचे करार एकेक करून फर्मकडे परत आले. यात वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ गेला, कारण प्रत्येक ठिकाणी नव्याने व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून क्रमांक) काढावा लागला आणि दोन कारखान्यांनी त्या निमित्ताने दर पुन्हा घासले. वाहकाच्या कायदेशीर जबाबदारीचा विमा फर्मने घेतला. लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यातली पैसे देण्याची ४५ दिवसांची मुदत दाखवून पैसे लवकर मागता येतात हे माहीत होतं, पण मोठ्या पार्टीला कायदा दाखवायची हिंमत या धंद्यात सहसा कुणी करत नाही. एप्रिल २०२४ पासून आयकराच्या ४३बी(एच) कलमाचा परिणाम दिसू लागला. लहान पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ज्या वर्षी द्याल त्याच वर्षी खर्चाची वजावट. मग काही हिशेबनीस स्वतःहून उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक मागू लागले. दोन कारखान्यांची बिलं ट्रेड्सवर, म्हणजे लहान पुरवठादाराला बिलाचे पैसे वित्तसंस्थांकडून आधी मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, वटवायला सुरुवात झाली. ॲडव्हान्सचा ताण त्याने बराच हलका झाला.

सॉफ्टवेअरच्या बाजूला चित्र मिश्र आहे. टीममधला सगळ्यात हुशार मुलगा कंपनी वाहतुकीची ठरल्याचं ऐकून दोन महिन्यांत सोडून गेला. वाडीत पहिल्या वर्षी एकाही ट्रान्सपोर्टरने ते घेतलं नाही. शंका अपेक्षित होती तीच, आमच्या पार्ट्या तुम्हाला कळतील. मुलीने मग रचनाच बदलली. ई-वे बिलाचा इशारा, गाडीची कागदपत्रं आणि पोच एवढंच तिच्या सर्व्हरवर, भाड्याचा आकडा ट्रान्सपोर्टरच्या स्वतःच्या संगणकावर. ई-वे बिलात पार्टीचं नाव असतंच, ते झाकता येत नाही. म्हणून तिने कंपनीचं ऑफिस वाडीतून हलवलं आणि चुलत भाऊ भागधारक म्हणून बाहेर पडला. आधी रायपूर आणि अकोल्याकडचे लोक आले, कारण त्यांच्याशी फर्मची स्पर्धा नव्हती. वाडीतला पहिला गिऱ्हाईक त्यानंतर मिळाला. कंपनी लहान आहे, वाढ संथ आहे, पण नवं गिऱ्हाईक जोडताना नवा माणूस घ्यावा लागत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

संकेतस्थळाच्या अटी आणि बिल्टी पहिल्याच दिवशी शेजारी ठेवून वाचायला हव्या होत्या. त्याला एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ लागला नसता. अटींतल्या वाक्याने जबाबदारी टळत नाही, उलट दाव्याच्या वेळी हेतूवर शंका येते.

२०२१ ला कारखाने नव्या कंपनीकडे वळवण्याची गरजच नव्हती. सॉफ्टवेअर फर्मला विकलं असतं तर त्याची किंमत पहिल्या दिवसापासून कागदावर दिसली असती. स्टार्टअप मान्यतेचा मार्गही इतका अवघड झाला नसता आणि नोंदणीशिवाय बिल्टी काढायची वेळ आली नसती. दोन्ही धंदे एकाच वहीत असल्यामुळे सॉफ्टवेअर कमावतं की भाडं कमावतं, हे दोन वर्षं कुणालाच सांगता येत नव्हतं.

कारखान्यांना विचारायला भिजलेल्या गाठींची वाट पाहिली गेली. “तुम्ही आम्हाला पैसे कशाचे देता?” हा प्रश्न सुरुवातीलाच विचारला असता, तर बुटीबोरीच्या त्या मॅनेजरने २०२१ मध्येही हेच उत्तर दिलं असतं.

टीमशी बोलण्यातही उशीर झाला. मुलांना बातमी कानोकानी कळली. सॉफ्टवेअर बंद होत नाहीये, उलट पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभं राहणार आहे, हे त्यांना आधी समजावून सांगितलं असतं तर तो मुलगा कदाचित थांबला असता. मुलीचं यावर माझ्यापेक्षा कठोर मत आहे.

सध्या तिच्यासमोर नवा निर्णय आहे. गिऱ्हाईक ट्रान्सपोर्टर विचारताहेत की याच ॲपवरून गाडीमालकाला डिझेलसाठी उधारी मिळेल का. एक वित्तसंस्था भागीदारीला तयार आहे, पण बुडीत रकमेची काही हमी कंपनीने द्यावी असं तिचं म्हणणं आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये अशा हमीला परवानगी देताना कर्जसंचाच्या ५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ती ५ टक्के का होईना, स्वीकारली तर कंपनीची कमाई आणि जोखीम दोन्ही कर्जाच्या धंद्याकडे झुकतील. यावेळी तिने करारावर सही करण्याआधी शंभर रुपयांची फोड काढली आहे. सॉफ्टवेअरचं शुल्क किती, व्याजातला वाटा किती आणि डिझेलचे पैसे बुडाले तर भरायचे कुणी, असे तीन रकाने आहेत. तिसऱ्या रकान्याचं उत्तर वित्तसंस्थेकडून लेखी येईपर्यंत बोलणी पुढे न्यायची नाहीत, असं तिने आणि वडिलांनी मिळून ठरवलं आहे.